पायली, मापटं आणि तेलाचं पिंप

लातूर

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं नायजेरियावरचं प्रकरण वाचलं. मध्येच लाइट गेली, शेवटची चार पानं ओसरीवर बसून संपवली.

नायरा, म्हणजे तिथलं चलन, घसरला की निर्यातीची कमाई वाढते, असं तुझ्या आकडेमोडीत निघालं आहे. निघणारच! कमाई तू नायरात मोजलीस. जून 2023 मध्ये तिथल्या सरकारनं नायराचा दर बाजारावर सोडला. डॉलरला साधारण 460 नायरा पडायचे, ते फेब्रुवारी 2024 पर्यंत दीड हजाराच्या घरात गेले. म्हणजे तेलाचं एक पिंपही जास्त न विकता नायरातला आकडा तिप्पट. पायलीऐवजी मापट्यानं मोजलं तर आकडा वाढतो, कणगीतली ज्वारी नाही. कच्च्या तेलाचा सौदा डॉलरमध्ये होतो, तेव्हा सगळे आकडे डॉलरमध्ये घे आणि गणित पुन्हा मांड. चलनाचा परिणाम बराचसा विरून जाईल, असं मला वाटतं. चुकलो तर सांग, आनंदच होईल.

दुसरं, भाव आणि माल एका रकान्यात कोंबू नकोस. 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे तेल शंभर डॉलरच्या वर गेलं, पण नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात पाइपलाइन फोडून चोऱ्या चाललेल्या, नवी गुंतवणूक आटलेली. रोजचं उत्पादन दहा लाख पिंपांच्या आसपास घसरलं, ओपेकनं, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेनं, दिलेला कोटाही भरेना. आपल्याकडे आडतीवर सोयाबीनला भाव फुटावा आणि त्याच आठवड्यात परतीच्या पावसानं शेतातली गंजी भिजावी, तसं. त्यात देशाला लागणारं पेट्रोल बाहेरून आणायचं, कारण सरकारी रिफायनऱ्या बंद होत्या. त्यामुळे हातात आलेला डॉलर तिकडेच परत जायचा.

तेलाखेरीजच्या मालाचा परिच्छेद तू घाईत उरकलास. त्रिभुज प्रदेशातल्या ओलोइबिरीला 1956 मध्ये तेल लागलं, 1958 पासून ते बाहेर जाऊ लागलं. त्याआधी उत्तरेतल्या कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांचे डोंगर रचलेले असत. तेलाच्या पैशानं नायरा महाग राहिला, शेतमाल बाहेर विकणं परवडेना. त्यातच सत्तरच्या दशकातला दुष्काळ आणि भुईमुगावरचा रोग. आता नायरा स्वस्त झाला म्हणून कोको उद्याच वाढणार नाही. झाड फळाला यायला तीन ते पाच वर्षं लागतात. जालन्याच्या मोसंबीवाल्याला विचार, बाग काही बाजारभाव बघून एका हंगामात उभी राहत नाही. म्हणून या मालासाठी विनिमय दर काही वर्षं मागचा घे.

अंगोला या आफ्रिकेतल्या दुसऱ्या तेलवाल्या देशाशी तुलना ठेव, ती चांगली जमली आहे. फक्त कर्जाची बाजू राहिली. त्यांनी चीनकडून कर्ज घेतलं आणि फेड तेलात ठरवली. तुमच्या बीडकडच्या ऊसतोड टोळीची उचलच ती: भाव पडला की तेवढ्याच फेडीला जास्त पिंपं जातात. निर्यात कागदावर दिसते, पैसा तिजोरीत येत नाही.

रविवारी दहाच्या आत ये, नंतर मला लग्नाला जायचं आहे. डॉलरमधला तक्ता आण आणि 2022 ची ओळ तांबड्या शाईनं वेगळी कर. भाव वर, पिंपं खाली. तुझं समीकरण तिथंच अडणार आहे.

तुझे सर