आजार गेला, पण शरीरावरचा भरवसा परत कसा आणायचा?

मोठ्या आजारातून उठलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा त्यांचे रिपोर्ट बहुधा चांगले असतात. तक्रार वेगळीच असते. "डॉक्टर म्हणाले, आता नेहमीसारखं जगा. पण जिना चढताना जरा धडधडलं तरी वाटतं, झालं, परत सुरू झालं." सोबत आलेल्या माणसाचं म्हणणं नेमकं उलट असतं. "हिला जरा समजवा, दगदग करू नकोस म्हणावं." व्यायाम करायचा की जपायचं, आणि जपायचं तर किती दिवस, यावरून कितीतरी घरांत धुसफूस चालते. म्हणून एका क्लायंटचा अनुभव तिच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या पस्तिशीच्या. स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन असं सगळं होऊन आठ महिने उलटले होते. पहिल्या भेटीत खुर्चीत बसल्या आणि उजव्या हाताने डावा हात उचलून, काचेची वस्तू ठेवावी तसा मांडीवर ठेवला. त्या बाजूच्या काखेतल्या लसिका ग्रंथी काढलेल्या होत्या. "या हाताने जड उचलू नका" असं त्यांना शस्त्रक्रियेनंतर सांगितलं गेलं होतं. ते तेवढ्या आठवड्यांपुरतं होतं की कायमचं, हे विचारायचं राहून गेलं आणि घराने त्याचा कायदाच करून टाकला. पिशव्या नवऱ्याने उचलायच्या, वरच्या फळीवरचं सासूबाईंनी काढायचं. चार वर्षांच्या मुलीला सांगून ठेवलं होतं, आईच्या अंगावर चढायचं नाही. आता मुलगी आईपुढे हात वर करून येईनाशी झाली होती. हे सांगताना त्यांचा बांध फुटला.

मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मला आधी आत्मविश्वास द्या. मग मी व्यायाम सुरू करते."

ही मागणी मी फार वेळा ऐकते आणि दर वेळी मला ती उलटी फिरवावी लागते. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार माझ्या रोजच्या कामात उपयोगी पडतो. एखादी गोष्ट आपल्याला जमेल हा विश्वास सर्वांत जास्त कशातून येत असेल, तर ती गोष्ट स्वतः करून पाहण्यातून. दुसऱ्याने धीर दिला की बरं वाटतं, पण ते फार टिकत नाही. मी तासभर बोलून जे देऊ शकणार नाही, ते दहा पायऱ्या चढून, दोन मिनिटं थांबून, धडधड आपोआप खाली येताना पाहून मिळतं. मात्र सुरुवातीची पायरी इतकी छोटी हवी की ती जमणारच. आणि ती कोणती, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. त्यासाठी त्यांना आधी कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवलं. केमोमध्ये डॉक्सोरुबिसिन होतं. या औषधाचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा करून घेतला. तो ठीक आल्यावर फिजिओथेरपिस्टकडे.

दरम्यान आमच्या भेटींत मी त्यांना डॅलसमधल्या एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९६६ मध्ये विशीच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता तेवढ्यात पावपटीहून जास्त घसरली, आणि पुढच्या आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती भरून आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने क्षमतेचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "म्हणजे माझा हा सगळा अशक्तपणा आजाराचा नाही?"

सगळा नाही. काही आजाराचा, काही औषधांचा आणि बराचसा पडून राहण्याचा. यातला शेवटचा वाटा आपल्या हातातला आहे. कर्करोगानंतरचा थकवा झोप काढून जात नाही, हा अनुभव त्यांना होताच. त्या थकव्यावर जे उपाय पारखून पाहिले गेले आहेत, त्यांत व्यायाम वरच्या क्रमांकावर आहे. २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी जे एकमत प्रसिद्ध केलं, त्यात आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम असं साधारण प्रमाण सांगितलं आहे. अर्थात तिथे पोहोचायचं असतं. सुरुवात तिथून करायची नसते.

हाताची भीती जास्त चिवट होती. लसिका ग्रंथी काढल्या की हात सुजण्याची शक्यता असते, हे खरंच आहे. म्हणून कितीतरी वर्षं बायकांना आयुष्यभर वजन उचलू नका असं सांगितलं जायचं. कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे चित्र पालटलं. आधीच सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून हळूहळू वाढवत व्यायाम केला, तर सूज वाढली नाही; उलट त्रास उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. फिजिओथेरपिस्टनी अर्ध्या किलोच्या डंबेलने सुरुवात केली. दर वेळी ठरलेल्या जागी टेप लावून हाताचा घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. आकडा जागचा हलत नाही हे स्वतःच्या अक्षरात आठवडेच्या आठवडे दिसत राहिलं, तेव्हा कुठे तो हात मांडीवरून उठला.

वही मीच ठेवायला सांगितली होती. काय केलं, श्रम शून्य ते दहापैकी किती वाटले, मनात काय आलं, आणि थोड्या वेळाने प्रत्यक्षात काय झालं. एका पानावर लिहिलं होतं: "जिना, एक मजला. श्रम ६. वाटलं, फुप्फुसात पसरलंय. तीन मिनिटांनी श्वास नेहमीसारखा. मुलीचा डबा भरला." अशा नोंदी साठत गेल्या की घाबरलेल्या मनाला स्वतःचाच पुरावा मिळतो. त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर डॉक्टरांना विचारून आणखी एक यादी लिहिली: छातीत दुखणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, ताप, विसावा घेऊनही न थांबणारा दम, हातावर नवी सूज किंवा लाली. यांतलं काही दिसलं की व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. कशाला घाबरायचं हे नक्की ठाऊक असलं की बाकीच्या गोष्टींना घाबरणं कमी होतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मधे एक वाईट आठवडा आला. एके दिवशी फार छान वाटलं म्हणून त्यांनी सगळं घर आवरायला काढलं आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरलं. "माझं शरीर दगाबाज आहे," म्हणाल्या. शरीराने दगा दिला नव्हता. एका दिवसात चार दिवसांचं काम झालं होतं. चांगल्या दिवशी हात आखडता घेणं हे वाईट दिवशी उठून बसण्याइतकंच शिकावं लागतं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. काही जणांना, विशेषतः विषाणूच्या काही आजारांनंतर, थोड्याशा श्रमानेही एक-दोन दिवसांनी सगळी लक्षणं उसळतात. त्यांना "रोज थोडं वाढवा" हा सल्ला लागू होत नाही, त्याने नुकसान होऊ शकतं. तसं होत असेल तर जिद्दीला पेटू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता घरच्यांबद्दल. नवरा चांगला माणूस, जिवापाड जपणारा. पण त्या उठल्या की हा उठायचा. मी त्यांना एकदा फिजिओथेरपीच्या वेळी बायकोसोबत जायला सांगितलं, आणि नुसतं बघायला नाही, तर तेच व्यायाम करायला. यामागेही बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८५ मधलं एक काम आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांची ट्रेडमिलवर चाचणी घेतली गेली. ज्या बायका बाहेर बसून होत्या किंवा नुसत्या बघत होत्या, त्यांची काळजी फारशी हलली नाही. ज्या स्वतः त्याच ट्रेडमिलवर चालल्या, त्यांना आपल्या नवऱ्याच्या हृदयाची ताकद कळली. इथेही तसंच घडलं. दुसऱ्या सेटला नवऱ्याचेच पाय थरथरले. "ही हे आठवड्यातून तीनदा करते?" असं त्यांनी विचारलं, आणि त्या दिवशी घरी जाताना पिशवी मागितली नाही. मुलगी तेव्हा चौदा किलोंची होती. आधी चौदा किलोंची बॅग जमिनीवरून उचलायचा सराव झाला, मग मुलगी.

साधारण वर्षभराने त्या नोकरी सोडायचा विचार घेऊन आल्या. "मला पर्सनल ट्रेनर व्हायचंय. माझ्यासारख्यांसाठी."

मला मनापासून आनंद झाला, तरी मी लगेच होकार भरला नाही. आजारातून उठलेल्या माणसाला या कष्टाचं काहीतरी सोनं व्हावं असं तीव्रतेने वाटतं. ती ओढ खरी असते, पण तीवर नोकरी सोडण्याइतका मोठा निर्णय लगेच उभारू नये. मी विचारलं, "तुमच्यापुढे साठीचे एक गृहस्थ आहेत. गुडघा दुखतोय, व्यायामाचा कंटाळा आहे, कर्करोगाशी काही संबंध नाही. त्यांना तीन महिने स्क्वॉट शिकवायला आवडेल?" त्या काही आठवडे एका ट्रेनरबरोबर नुसत्या उभ्या राहून आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "आवडेल. पण मला काहीच येत नाही, हेही कळलं."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. स्वतः बरं होणं ही ट्रेनर होण्याची पात्रता नव्हे. आपल्याला जे लागू पडलं ते दुसऱ्याच्या शरीराला घातक ठरू शकतं. शरीररचना, व्यायामाचं शास्त्र, सुरू करण्याआधीची आरोग्य-प्रश्नावली, हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायचा तातडीचा उपचार (सीपीआर), आणि डॉक्टरांच्या हद्दीत कुठे पाय ठेवायचा नाही याची समज, हे सगळं शिकावं लागतं. नोकरी अर्धवेळ करून त्यांनी मान्यताप्राप्त सर्टिफिकेशन केलं, पुढे कर्करोगानंतरच्या व्यायामाचा वेगळा अभ्यासक्रमही. पहाटे आणि रात्री उशिरा क्लायंट, मधला दिवस रिकामा, असं या कामाचं वेळापत्रक असतं. आपली ताकद पाहून त्यांनी रात्रीचे तास घेतलेच नाहीत.

"क्लायंटसमोर मला दम लागला तर?" ही भीती बराच काळ राहिली. तिला उत्तर मिळालं ते एका प्रसंगातून. वरिष्ठ ट्रेनरच्या देखरेखीखाली काम करताना एक मध्यमवयीन क्लायंट वॉर्मअपमध्येच "छातीवर जरा दडपण आल्यासारखं वाटतंय, चालायचंच" म्हणाला. त्यांनी त्याला जागच्या जागी बसवलं, वरिष्ठांना हाक मारली आणि त्याला लगेच डॉक्टरांकडे पाठवायला लावलं. तो चिडला, तरी त्या बधल्या नाहीत. मला सांगताना त्यांचा आवाज कापत होता, पण बोलणं सगळं त्या माणसाबद्दल होतं. स्वतःला दम लागला होता का, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

आपली कहाणी लोकांना सांगावी का, यावरही आम्ही बरंच बोललो. ओळखीत एक ओळ लिहायची, विचारलं तर थोडक्यात सांगायचं, व्रण दाखवायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं. तरी लोक येऊन मन मोकळं करतातच आणि काही वेळा ते ओझं घरी येतं. कर्करोग उलटलेली एक क्लायंट आली तेव्हा त्या पंधरा दिवस नीट झोपल्या नाहीत, आणि शेवटी तिला सहकारी ट्रेनरकडे सोपवलं. तो निर्णय मला योग्य वाटतो. मॅमोग्राफीची तारीख जवळ आली की भीती अजूनही येते. त्या आठवड्यात नवीन क्लायंट घ्यायचे नाहीत, वरिष्ठांना आधी सांगून ठेवायचं आणि स्वतःचा व्यायाम मात्र चुकवायचा नाही, अशी व्यवस्था त्यांनी लावली आहे. माझ्याकडे त्या आता वर्षातून एकदाच येतात, त्याच सुमाराला.