चिनी आणि रशियन एकत्र शिकणं झेपेल का?

तुमचा प्रश्न असा: बीएला चिनी मुख्य विषय घेतलाय, जोडीला रशियनही घेतलं तर दोन्हींची खिचडी होईल का, आणि पुढे त्याचा उपयोग काय? मी दिल्लीत चिनीची पदवी करता करता रशियनचा डिप्लोमा केला, त्यामुळे अनुभवावरून सांगते.

खिचडी होते ती स्पॅनिश-इटालियनसारख्या सख्ख्या बहिणींची. इथे शब्द, लिपी, व्याकरण, कशाचाच कशाशी संबंध नाही. घोळ होतो तो सुरात. रशियनमध्ये हो-नाहीचा प्रश्न विचारायला शब्द बदलावे लागत नाहीत, नेमक्या शब्दावर आवाज झपकन वर चढवला की झालं. ही सवय अंगात मुरली की चिनीच्या तासालाही प्रश्नाचा शेवट आपोआप वर जातो. आणि चिनीत सूर हा शब्दाचाच भाग. 'माय' खाली पडणाऱ्या चौथ्या सुरात म्हटलं तर विकणे, तेच वर चढवलं तर पुरणे, म्हणजे जमिनीत गाडणे! दोन्ही तास लागोपाठ असतील तर मधे दहा मिनिटं चिनी ध्वनिफीत ऐका.

बाकी मराठी माणसाला इथे चक्क फायदा आहे. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीत, 'बी' लिहिलं असलं तरी उच्चार 'प'च्या जवळचा, आणि 'पी' लिहिलं असेल तर ओठ मिटून केलेला 'फ'. त-थ, क-खचंही तसंच. 'चमचा'तला च दोन्ही भाषांत सापडतो; माझे हिंदीभाषक वर्गमित्र तिथे हमखास अडखळायचे. रशियनमध्ये तीन लिंगं आणि सहा विभक्ती आहेत म्हणून लोक घाबरतात. आपल्याला नपुंसकलिंग जन्मापासून येतं आणि विभक्तींचे तक्ते शाळेतच पाठ झालेले असतात.

खरी मारामारी वेळेची. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषासंस्थेचा इंग्रजी भाषकांसाठीचा अंदाज आहे की रशियनला सुमारे ११०० तास लागतात आणि चिनीला २२००. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही एकाच वर्षी सुरू करू नका. पहिलं वर्ष चिनीला द्या. चौकटीच्या वहीत रोज अर्धा तास अक्षरं गिरवायची, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आठवडाभर खंड पडला की हात विसरतो, आणि मोबाइलवर पिनयिन टाइप करून ते भरून निघत नाही.

रशियन दुसऱ्या वर्षी. तिचं अवघड ते सगळं सुरुवातीलाच येतं आणि त्याला रोजच्या अर्ध्या तासापेक्षा सलग बैठक लागते. नुसतं 'जातो' म्हणायचं तरी आधी ठरवायचं की पायी की वाहनाने, आत्ता निघालोय की नेहमी जातो-येतो. प्रत्येक पर्यायाला क्रियापद वेगळं. शिवाय क्रियापदांच्या जोड्या, काम चालू आहे की पुरं झालं यावरून. काम पुरं झाल्याचं दाखवणाऱ्या चिनीतल्या 'ल' ह्या प्रत्ययाशी वर्षभर झगडून झालेलं असलं तर ही कल्पना निदान नवी वाटत नाही.

नियमांचं म्हणाल तर २०२२ पासून यूजीसीने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, फक्त तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत. विद्यापीठाने ते स्वीकारलंय का, हे प्रवेशाआधीच विचारा.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. बहुतेक जाहिरातींत एक भाषा आणि उत्तम इंग्रजी एवढंच मागतात. चिनीला यंत्रसामग्रीच्या आयातीत काम मिळतं, रशियनला रशियाच्या मदतीने उभारलेल्या कुडनकुळम अणुवीज केंद्रासारख्या प्रकल्पांत. दोन्ही एकत्र लागतात त्या जागा थोड्या: मध्य आशियाचा व्यापार, संशोधन, परराष्ट्र धोरणाचा अभ्यास. पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल तर चीनमधल्या शेनझेन शहरात मॉस्को विद्यापीठ आणि बीजिंगच्या तंत्रसंस्थेने २०१६ साली काढलेलं संयुक्त विद्यापीठ जरूर बघा, तिथे दोन्ही भाषा चालतात.

संशोधनाकडे कल असेल तर मात्र ही जोडी सोन्यासारखी आहे. रशियन लोक फार पूर्वीपासून चीनचा अभ्यास करत आलेत. एकोणिसाव्या शतकात बिचुरिन, पल्लादी कफारोव असे पाद्रीच बीजिंगमध्ये राहून त्यात बुडाले होते. चिनी नावं रशियन लिपीत लिहायची पद्धत आजही पल्लादीच्या नावाने ओळखली जाते. (त्यात 'हुइ' हे अक्षर मुद्दाम 'हुएइ' असं लिहितात, कारण सरळ लिहिलं तर रशियनमध्ये अस्सल शिवी होते. वर्गात यावर हसू आवरत नाही.) ओशानिनच्या संपादनाखालचा चार खंडांचा मोठा चिनी-रशियन कोश १९८३-८४ मध्ये निघाला. तिसऱ्या वर्षापासून चिनी शब्द इंग्रजी कोशाऐवजी त्यात बघायला लागा, एकाच कामात दोन्ही भाषांचा सराव होतो.