सुपर निन्टेन्डोच्या साउंड प्रोसेसरवर सीएलआर१ ही सूचना आठ वेळा का आहे?

तुम्ही विचारलंय की एसपीसी७०० या साउंड प्रोसेसरच्या ऑपकोड (सूचनांचे क्रमांक) तक्त्यात सीएलआर१, म्हणजे एक बिट शून्य करणारी सूचना, आठदा का दिसते, आणि ‘अँड’ने बिट शून्य करता येत असताना ही वेगळी सूचना हवीच कशाला.

आठदा, कारण बाइटमध्ये बिट आठ आणि कुठला पुसायचा ते ऑपकोडमध्येच कोरलेलं आहे. शून्याव्या बिटासाठी हेक्स (सोळा-आधारी) १२, मग दर वेळी हेक्स २० ची भर: ३२, ५२, ७२, ९२, बी२, डी२, एफ२. बिट एक करणाऱ्या सेट१ चे ऑपकोड ०२, २२, ४२ असे चालतात. म्हणजे ऑपकोडचे वरचे तीन बिट क्रमांक सांगतात, आणि त्यांच्या लगेच खालचा ठरवतो की लावायचा की पुसायचा. हे कळलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

आता ‘अँड’शी तुलना. बाइट ॲक्युम्युलेटरमध्ये (प्रोसेसरच्या कामाच्या रजिस्टरमध्ये) आणा, अँड करा, परत ठेवा, असं केलं तर ६ बाइट आणि ९ सायकल. थेट मेमरीवर चालणारा अँडही आहे, तो ३ बाइट, ५ सायकल. सीएलआर१ ला २ बाइट, ४ सायकल. घड्याळ १.०२४ मेगाहर्ट्झचं, त्यामुळे एका सायकलची बचत म्हणजे जेमतेम एक मायक्रोसेकंद. त्यासाठी जीव टाकू नका. खरा फायदा वेगळाच: सीएलआर१ ॲक्युम्युलेटरला हात लावत नाही आणि एकही फ्लॅग (निकालाची खूण ठेवणारा बिट) बदलत नाही. तुलना करून मग बिट पुसा, पुढची ब्रांच (अटीवर मारलेली उडी) तरीही बरोबर चालते.

पत्ता मात्र एकाच बाइटचा, म्हणजे डायरेक्ट पेजपुरता (मेमरीचं २५६ बाइटचं एक पान). पी फ्लॅग शून्य असेल तर पान ००, एक असेल तर पान ०१, आणि स्टॅकही (परतीचे पत्ते ठेवायची जागा) या ०१ पानातच असतो. पी चुकून लागलेला राहिला तर तुम्ही स्वतःच्याच स्टॅकमधला बिट पुसाल. पूर्ण १६ बिटांचा पत्ता हवा असेल तर टीसीएलआर१ (४ई) आहे. ती मास्क (कुठले बिट पुसायचे ते) ॲक्युम्युलेटरमधून घेते, पण एन (ऋण) आणि झेड (शून्य) फ्लॅग बदलते.

माझी अख्खी संध्याकाळ गेली ती दुसऱ्याच गोष्टीत. सीएलआर१ आधी वाचते, मग लिहिते. साध्या रॅमवर काही अडचण नाही. पण एफ४ ते एफ७ या पोर्टांवर वाचताना मुख्य प्रोसेसरने पाठवलेलं मिळतं आणि लिहिलेलं त्याच्याकडे जातं. पत्ता एक, कप्पे दोन. मी एफ४ वर ‘तयार’ असा बिट पुसायला गेलो, तर मुख्य प्रोसेसरला त्याचाच बाइट एक बिट कापून परत! अर्थात हँडशेक (दोन प्रोसेसरांमधली इशाऱ्यांची देवाणघेवाण) गंडला, आणि मी मात्र सॅम्पल तपासत बसलो.

टायमर चालू-बंद करणाऱ्या एफ१ वर तर याहून वाईट. तो रजिस्टर फक्त लिहायचा, वाचला तर शून्य येतं. तिथे एका टायमरचा बिट पुसायला सीएलआर१ वापरली की शून्यच लिहिलं जातं आणि तिन्ही टायमर बंद. अशा रजिस्टरांची एक प्रत रॅममध्ये ठेवा, सीएलआर१ त्या प्रतीवर चालवा आणि मग अख्खा बाइट एफ१ किंवा एफ४ वर लिहा.