इंग्लंडमधल्या खेड्यांत आपल्यासारखी गावकी असते का?

बहुतेक ठिकाणी ती केव्हाच मोडली. पण मी नॉटिंगहॅमला राहतो आणि इथून गाडीने तासाभराच्या आत लॅक्स्टन नावाचं गाव आहे. तिथं ती अजून चालते, तीही कायद्याच्या जोरावर.

पहिल्यांदा गेलो तेव्हा नवल वाटलं ते घरांचं. इंग्लंडात शेतकऱ्याचं घर सहसा त्याच्या जमिनीत, एकटं. इथं शेतकऱ्यांची घरं गावातल्या रस्त्याला लागून, काहींनी तर रस्त्याकडे बाजूची भिंत केलेली. कुणाची सगळी जमीन एका जागी नाही, तर घर बांधणार कुठल्या शेतात?

वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शेतं. त्यांत एकेकाचे पट्टे विखुरलेले. फेरपालट सगळ्यांचा एकच: एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. मिल फील्डच्या कडेला उभं राहिलं की नजर पोचेल तिथवर ना कुंपण, ना बांध. माझं आजोळ शेतकऱ्याचं, त्यामुळे पहिला विचार हाच आला: बांधच नाही, तर कोरतात काय आणि भांडतात कशावर?

त्याची सोय आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातलेच शेतकरी ज्युरी म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या शेतात जातात. पट्ट्यांच्या हद्दीवर नवे खुंट ठोकतात. कुणाचा नांगर वाटेत किंवा शेतातल्या गवताच्या राखीव जागेत घुसला असेल तर टिपून ठेवतात. आठवड्याभराने डव्हकोट इन या पबमध्ये 'कोर्ट लीट' म्हणजे गावाची जुनी न्यायसभा भरते, दंड ठरतो आणि पुढच्या वर्षीची ज्युरीही तिथंच नेमली जाते. रक्कम किरकोळ असते, पण शेजाऱ्यांदेखत नाव वाचलं जाण्याची लाज किरकोळ नसते. अशा बाकीच्या जुन्या न्यायसभांचे अधिकार 1977 च्या कायद्याने काढून घेतले, लॅक्स्टनचे तेवढे ठेवले.

हे गाव वाचलं कसं? अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडभर संसदेच्या कायद्यांनी सामाईक शेतं वाटून कुंपणं घातली गेली. त्यात जमीनदारांचं भलं झालं, गरिबाची मात्र गाय चारायची जागा गेली. लॅक्स्टनमध्ये मॅनव्हर्स आणि स्कार्बरो या दोन जमीनदार घराण्यांचं वाटणीवर शेवटपर्यंत जमलं नाही, असं सांगतात. मोठ्यांच्या भांडणात कुळांचं भलं झाल्याची उदाहरणं मला फार माहीत नाहीत, हे एक. मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून मोठे केले गेले, त्यामुळे मध्ययुग जसंच्या तसं दिसेल अशा आशेने जाऊ नका. तो तुकड्यातुकड्यांचा चेहरा बघायचा असेल तर मार्क पिअर्सने 1635 मध्ये काढलेला गावाचा नकाशा बघा. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे आणि त्यात नांगरणारी माणसंही चितारली आहेत.

मालकी फिरत राहिली. 1952 मध्ये मॅनव्हर्सकडून सरकारच्या शेती मंत्रालयाकडे, 1981 मध्ये क्राउन इस्टेट या राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅनव्हर्सांच्याच जुन्या इस्टेटीकडे.

जायचं तर ज्युरीच्या दिवसाच्या सुमारास जा, आणि गमबूट न्या. तिथली चिकणमाती बुटाला धरली की सुटत नाही.