आयडलिंगचा आवाज ऐकून कॅम घेऊ नका

अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींनी साठ-सत्तरच्या दशकातली व्ही-८ मसल कार हौसेनं घेतली आहे, त्यांची पत्रं मला नेमानं येतात. फिरून फिरून सगळी कॅमशाफ्टवरच येतात. त्यातली पाच या वेळी घेतली आहेत. मोजमापं बहुतेक ठिकाणी ‘थाऊ’त आहेत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर मी हा शब्द शिकलो आणि आता मिशिगनमध्येही रोज तोच कामाला येतो.

प्रश्न : माझ्याकडे १९७३ ची शेव्हरोले कॅमॅरो आहे. इंजिन ३५० घनइंच, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.५, तीन गिअरचं ऑटोमॅटिक, मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर २.७३. मित्राच्या गाडीचं इंजिन आयडलिंगला धडधडत डुलतं, तसं मला हवंय. २९२ अंश ड्युरेशनचा कॅम मागवू का? (न्यू जर्सी)

नका मागवू. पैसे गेल्याचं दुःख एक वेळ पचतं, पण गाडी आज आहे त्याहून मंद होईल आणि ते रोज टोचेल.

व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी मिटायचे हे कॅम, म्हणजे त्याच्यावरचे उंचवटे (लोब) ठरवतात. क्रँक किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते ड्युरेशन, किती उचलला जातो ती लिफ्ट. यातली इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याची वेळ मी सर्वांत आधी बघतो. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत धावणाऱ्या मिश्रणाला वेग असतो, त्यामुळे पिस्टन वर येत असतानाही सिलिंडर भरत राहतो. इंजिन सावकाश फिरत असेल तर तेच मिश्रण पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलून देतो. दाबायला सुरुवात होते ती व्हॉल्व्ह मिटल्यावरच.

तुमच्याच इंजिनाचं गणित करू. स्ट्रोक ३.४८ इंच, कनेक्टिंग रॉड ५.७ इंच. २६८ अंशांचा कॅम नेहमीप्रमाणे १०६ अंशांच्या इनटेक सेंटरलाइनवर (पिस्टन माथ्याला असल्यापासून इनटेक पूर्ण उघडेपर्यंतचे अंश) बसवला, तर इनटेक व्हॉल्व्ह तळानंतर ६० अंशांनी मिटतो. तेव्हा स्ट्रोकचा सुमारे ८१ टक्के भाग शिल्लक असतो आणि ८.५ चं कॉम्प्रेशन प्रत्यक्षात ७.१ च्या आसपास उरतं. २९२ चा कॅम ७२ अंशांनी मिटतो. शिल्लक स्ट्रोक साडेबाहत्तर टक्के, प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ६.४. आधीच दाब कमी असलेल्या इंजिनाचा आणखी दाब तुम्ही काढून घेताय. सिग्नलवरून गाडी उचलताना पिकअप गेलेला असेल, तो यामुळे.

आता मागचं गुणोत्तर. २.७३ वर आणि २७ इंची टायरवर ताशी ६० मैलांना तुमचं इंजिन जेमतेम २,००० आरपीएमवर असतं. २९२ चा कॅम २,५०० च्या पुढे कुठे तरी जागा होतो. म्हणजे हायवेवर तुम्ही कायम त्याच्या झोपेच्या पट्ट्यात चालवणार. शिवाय कारखान्याचा टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाला तेवढं फिरूच देत नाही, त्याआधीच गाडी ओढायला लागतो.

तुमच्या गाडीसाठी ५० थाऊ लिफ्टवर मोजलेलं ड्युरेशन इनटेकला २०४ ते २१० आणि एक्झॉस्टला २१४ च्या आसपास, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधलं अंतर, अंशांत) ११२, एवढंच घ्या. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर छापलेला मोठा आकडा मात्र बघू नका. तो कुठून मोजायचा हे प्रत्येक कंपनी आपापल्या परीनं ठरवते. लोबवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारा तुकडा म्हणजे टॅपेट. तो तेलाच्या दाबानं फट आपोआप भरून काढत असेल तर कॅम हायड्रॉलिक, फट हातानं ठेवावी लागत असेल तर सॉलिड. हायड्रॉलिक कॅमचा बहुधा ६ थाऊवरून मोजतात, सॉलिडचा १५ किंवा २० वरून. ५० थाऊचा आकडा सगळ्यांचा एकाच मापानं मोजलेला असतो, म्हणून तुलना त्याचीच करायची.

ते डुलणं येतं ओव्हरलॅपमधून. एक्झॉस्ट पूर्ण मिटायच्या आत इनटेक उघडतो, जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि आयडलिंगला एखाद्या सिलिंडरचा स्फोट अर्धवट होतो. म्हणजे त्या आवाजात इंजिन मिस होत असतं. ११० सेपरेशनवर २६८ च्या कॅमला ४८ अंश ओव्हरलॅप येतो, २९२ ला ७२. तुमच्या मित्राचं कॉम्प्रेशन आणि मागचं गुणोत्तर किती आहे, ते त्याला जरूर विचारा.

पुढे कधी हेड बदलायची ऐपत झाली, तर ७६ सीसी चेंबरच्या (मिश्रण जळतं त्या पोकळीच्या) जागी ६४ सीसीचे हेड घ्या. कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास जाईल, आणि मग थोड्या मोठ्या कॅमचा विचार करता येईल. आधी हेड, मग कॅम. बहुतेक लोक उलटं करतात, कारण कॅम स्वस्त असतो.

प्रश्न : १९६८ ची फोर्ड मस्टँग, इंजिन ३०२. नवा कॅम बसवला, टायमिंगच्या खुणा तीनदा जुळवल्या, तरी कार्ब्युरेटरमधून फटाके फुटतात आणि इंजिन चार सिलिंडरवर चालल्यासारखं वाटतं. (फ्रेझ्नो, कॅलिफोर्निया)

खुणा बरोबरच असणार. कॅमच्या खोक्यावरचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम वाचा. तुमच्या मूळ ३०२ चा क्रम १-५-४-२-६-३-७-८. फोर्डच्याच ३५१ विंडसरचा १-३-७-२-६-५-४-८, आणि १९८२ पासूनच्या ३०२ एचओलाही हाच दुसरा क्रम आला. कॅम एकमेकांत अगदी बेमालूम बसतात, म्हणून ही चूक चांगल्या चांगल्यांकडून होते. क्रम कॅमच ठरवतो. तुमच्या हातात दुसऱ्या क्रमाचा कॅम आला असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर ३ आणि ५ च्या वायरींची अदलाबदल करा, तशीच ४ आणि ७ ची. १, २, ६, ८ जागच्या जागी राहतात, म्हणूनच तुम्हाला चार सिलिंडर चालल्यासारखं वाटतंय. काही उघडायला लागणार नाही.

प्रश्न : काका, मी १९ वर्षांचा आहे. बाबांनी आणि मी मिळून १९६९ ची कॅमॅरो उभी केली. ३५० इंजिन, साडेनऊ कॉम्प्रेशन, चार गिअर हाती, मागे ३.७३. मला झेड/२८ (शर्यतीसाठी काढलेली खास कॅमॅरो) वाला डंटॉव्हचा ‘३०-३०’ कॅम टाकायचाय. बाबा नको म्हणतात. (डॅलस)

तुझ्या आवडीचं मला कौतुक वाटतं. झोरा आर्कस-डंटॉव्ह हा शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला घडवणारा इंजिनिअर. त्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या कॅममध्ये इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीला ३० थाऊ टॅपेट क्लिअरन्स ठेवायचा असतो, त्यावरून ३०-३०. ५० थाऊवर ड्युरेशन २५४ अंश, लिफ्ट ४८५ थाऊ. १९६४-६५ च्या ३६५ अश्वशक्तीच्या ३२७ मध्ये तो होता आणि मग १९६७ ते ६९ च्या झेड/२८ मध्ये.

पण ती झेड/२८ कशासाठी जन्मली ते बघ. ट्रान्स-अॅम शर्यतीत पाच लिटरची मर्यादा होती, म्हणून ४ इंच बोअर आणि फक्त ३ इंच स्ट्रोकचं ३०२ इंजिन बनवलं. कॉम्प्रेशन ११. कागदावर २९० अश्वशक्ती ५,८०० ला लिहिली होती, पण इंजिनाला खरा रंग त्याच्याही पुढे चढायचा. ती गाडी ७,००० पर्यंत ताणत, कमी गिअरमध्ये खेळवत चालवायची. तुझं इंजिन लांब स्ट्रोकचं आणि कमी दाबाचं. त्यात हा कॅम ३,५०० च्या खाली रुसून बसेल आणि गर्दीत क्लच दाबून दाबून तुझा पाय दुखेल.

सॉलिड कॅमचं आणखी एक सांगतो. ३० थाऊ फट भरून निघेपर्यंत लोब फुकट फिरतो. म्हणून छापलेले २५४ अंश व्हॉल्व्हपर्यंत पोचता पोचता बरेच कमी होतात. त्या काळचे सॉलिड कॅम कागदावर दिसतात तेवढे राक्षसी नसायचे, ते यामुळे. तरीही तुझ्या इंजिनाला हा जास्तच आहे.

त्याच घराण्यातला एल७९ घे. १९६५ च्या ३५० अश्वशक्तीच्या ३२७ चा हायड्रॉलिक कॅम, ५० थाऊवर २२२ अंश दोन्हीकडे, लिफ्ट ४४७, सेपरेशन ११४. तुझ्या गुणोत्तरावर तो मस्त ओढेल आणि ऐकायलाही भारदस्त आहे. व्हॉल्व्ह स्प्रिंग मात्र नवे टाक. पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायच्या आधी ६० थाऊ जागा उरलीच पाहिजे, आणि रिटेनर (स्प्रिंगची टोपी) व व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या सीलमध्ये किमान ५०. हे दोन्ही बाबांबरोबर बसून मोज. बाबांचं बरोबर आहे, हे त्यांना माझ्याकडून सांग.

प्रश्न : १९६८ ची पॉन्टियाक जीटीओ, ४०० इंजिन. नवा कॅम बसवून २०० मैलसुद्धा झाले नाहीत, टकटक सुरू झाली. उघडलं तर एका लोबचं नाक झिजून गोल झालेलं. टॅपेट जुनेच पण छान दिसत होते, तेल दुकानातलं सर्वांत महागडं सिंथेटिक. कॅम खराब होता का? (शिकागो)

कॅमवर आळ घेण्याआधी तुमच्या पत्रातल्याच दोन गोष्टी बघा.

पहिली, टॅपेट. सपाट टॅपेट सपाट नसतो. त्याचं तोंड एक-दोन थाऊ फुगीर घासलेलं असतं आणि कॅमचा लोब किंचित उतरता. त्यामुळे लोब टॅपेटच्या मधोमध न लागता जरा बाजूला लागतो आणि टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. फिरतो म्हणून टिकतो. जुन्या टॅपेटचं फुगीर तोंड जुन्या लोबशी घासून चपटं झालेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही. दोन टॅपेट तोंडाला तोंड लावून उजेडात धरा, नवे असतील तर कडेला फट दिसेल आणि ते डुगडुगतील. नव्या कॅमला नवेच टॅपेट. आणि चालवलेले टॅपेट त्याच कॅमवर परत बसवायचे असतील, तर ज्याच्या त्याच्या लोबवर. याला अपवाद नाही.

दुसरी, तेल. सपाट टॅपेटला वाचवतं ते झेडडीडीपी, म्हणजे तेलात घातलेलं जस्त आणि फॉस्फरस असलेलं संयुग. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम दर्जापासून हलक्या तेलांमध्ये त्याचं प्रमाण ०.०८ टक्क्यांवर रोखलं गेलं. आजच्या गाडीसाठी ते तेल उत्तम आहे, महाग असेल तरीही तुमच्या जीटीओसाठी अपुरं आहे. तुमच्या गाडीला कन्व्हर्टरच नाही. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनांसाठीचं जास्त जस्ताचं तेल मिळतं, ते घ्या, आणि सुरुवातीला खास ब्रेक-इन तेल.

पहिला अर्धा तास सगळं ठरवतो. लोबवर आणि टॅपेटच्या तोंडाला मॉलिब्डेनमची पेस्ट चोपडायची. तेलाचा पंप ड्रिलनं फिरवून रॉकरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी बघायचं. कार्ब्युरेटर भरलेला, इग्निशन जुळवलेलं, म्हणजे पहिल्या सेल्फला इंजिन लागलं पाहिजे. लागताच २,००० वर न्यायचं आणि २० ते ३० मिनिटं २,००० ते २,५०० मध्ये खालीवर करत ठेवायचं. आयडलिंगला सोडायचं नाही, कारण लोबवर तेल उडतं ते क्रँकवरून, आणि क्रँक सावकाश फिरला की ते पोचत नाही. दुहेरी स्प्रिंग असतील तर तेवढ्यापुरते आतले काढून ठेवा.

माझ्या पहिल्या पॉन्टियाकवर पाण्याचा पाइप गळायला लागला, तेव्हा तो आवळायला मी इंजिन पाच मिनिटं आयडलिंगवर ठेवलं. इंजिन बंद करून आवळायला हवा होता. दोन लोब गेले. तो कॅम मी अजून बाकावर ठेवला आहे, शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातात देतो.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. झिजलेल्या लोबचं लोखंड कुठे गेलं? तेलात. नुसता कॅम बदलून भागणार नाही. इंजिन उतरवा, बेअरिंग बघा, तेलाचा पंप बदला, सगळे तेलमार्ग ब्रशनं धुवा. तेवढं उघडलंच आहे तर टायमिंगची साखळी आणि चाकंही बदला. कारखान्याच्या कॅम-चाकावर नायलॉनचे दात असतात, ते म्हातारपणी तुटून पंपाच्या जाळीत अडकतात.

रोलर टॅपेटवर (तोंडाला चाक असलेल्या) जायचं का? खर्च झेपत असेल तर मी हो म्हणेन. झिजण्याची ही भीती जाते आणि त्याच ड्युरेशनमध्ये व्हॉल्व्ह जास्त वेगानं उघडता येतो. पण पुशरॉडची (टॅपेटपासून रॉकरपर्यंतच्या दांडीची) लांबी नव्यानं मोजावी लागते, आणि रोलर कॅमच्या पोलादाला चालणारा डिस्ट्रिब्युटरचा गिअर लागतो. तो विसरलात तर गिअरचा भुगा होतो. सपाटवरच राहणार असाल, तर पॉन्टियाकच्या कारखान्याचाच ०६८ नमुना घ्या, ५० थाऊवर २१२ आणि २२५. रस्त्यावरच्या ४०० ला मी आजही तोच सुचवतो.

प्रश्न : १९७० चा डॉज चार्जर, ४४०. ओहायोतल्या चुलतभावाच्या चार्जरमध्ये जो कॅम आहे तोच घातला. त्याचे ब्रेक ठीक लागतात, माझं पेडल दगडासारखं. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम मोजला तर ९ इंच (पाऱ्याचे). (डेन्व्हर)

तुमचं शहर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाबच १७ टक्क्यांच्या आसपास कमी, आणि दर हजार फुटांमागे व्हॅक्यूमच्या काट्यावर साधारण एक इंच कमी दिसतो. भावाच्या गाडीत तोच कॅम १३-१४ दाखवत असेल. ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणाऱ्या डब्याला, १५ च्या पुढे असलं तर बरं. १२ च्या खाली पेडल जड व्हायला लागतं.

ओव्हरलॅप वाढला की व्हॅक्यूम पडतो, म्हणून डेन्व्हरमध्ये कॅम एक पायरी लहान घ्यावा आणि कॉम्प्रेशन एक पायरी वर ठेवावं. ५० थाऊवर दहा-बारा अंश कमी आणि सेपरेशन ११२ ते ११४, तेवढ्यानं दोन-तीन इंच परत येतील. ४४० एवढं मोठं इंजिन आहे की पिकअप गेल्याचं जाणवणारही नाही, उलट सुधारेल. घेताना विचारा की लोब डॉज-क्रायस्लरच्या टॅपेटसाठीच घासला आहे का. तुमचा टॅपेट ९०४ थाऊ व्यासाचा, शेव्हरोलेचा ८४२. मोठ्या टॅपेटवर लोब जास्त झपाट्यानं वर उचलता येतो. पण बरेच कॅम शेव्हरोलेचाच आकार घासून विकले जातात आणि तुमच्या इंजिनाचा हा फायदा वाया जातो.

व्हॅक्यूमची टाकी विकत घेऊ नका. ती आहे तेवढाच व्हॅक्यूम साठवते, वाढवत नाही. कॅम बदलायचाच नसेल तर विजेवरचा व्हॅक्यूम पंप लावा, किंवा स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर. उतारावर पाय काढला की व्हॅक्यूम वाढतो, म्हणून घाट उतरताना ब्रेक बरे वाटतील. फसगत होते ती खाली आल्यावर, सिग्नलला गाडी हळू करताना. यातलं काही एक बसेपर्यंत चार्जर घराबाहेर काढू नका.