सीडरच्या फळ्यांना तेलाचा स्टेन की लॅटेक्स?

न्यू जर्सीत पहिलंच घर घेतलंत, अभिनंदन! तुम्ही विचारलंत, घराबाहेरच्या सीडरच्या (हे एक प्रकारचं लाकूड) फळ्यांना तेलाचा स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) लावू की लॅटेक्स (पाण्यात मिसळणारा रंग)? पण रंगाचा डबा आणण्याआधी फळीवर पाणी शिंपडून बघा. लगेच जिरलं तर लाकूड उघडं आहे. तिथे मी तेलाचाच स्टेन सुचवेन. तो आत मुरतो, त्यामुळे सहसा पोपडे धरत नाहीत. रंग मात्र लवकर फिकटतो, ३-४ वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो.

पाणी थेंब होऊन राहिलं तर जुना थर अजून शाबूत आहे. तो लॅटेक्सचा असेल तर तेल मुरणारच नाही, लॅटेक्सच लावा. त्याचा रंग उन्हात जास्त टिकतो. कोऱ्या सीडरवर मात्र थेट नको. लाकडातलं टॅनिन (एक नैसर्गिक द्रव्य) तपकिरी डाग होऊन वर येतं. आधी डाग रोखणारा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) हवाच.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर घासण्यापूर्वी जुन्या रंगात शिसं आहे का ते तपासा, घरात लहान मूल असेल तर नक्कीच.

आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा गॅरेजमध्ये टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. बाहेर एकेक पसरून वाळवा. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.