नकाशाबाहेरचा झाडबेडूक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: आफ्रिकेच्या सवाना गवताळ प्रदेशातला एक झाडबेडूक माहीत असलेल्या जागेपासून फार दूर सापडला, असे वाचले. एवढासा जीव इतका लांब जातो कसा?
– वाचक, फोंडा

उत्तर: तो बहुधा कुठेच गेला नाही. तिथेच होता, शोधणारा उशिरा पोचला. सवानातल्या लेप्टोपेलिस गटाच्या काही जाती कोरडे महिने जमिनीत पुरून घेऊन काढतात, अंडीही ओल्या मातीत घालतात. नर ओरडतात ते पावसात आणि रात्री, म्हणजे नेमके कच्चे रस्ते चिखलाने बंद असतात तेव्हा. मग नकाशावरचे नोंदींचे ठिपके डांबरी रस्त्यांच्या कडेकडेने पडतात. आपल्याकडे वेगळे काय आहे? आंबोली, चोर्ला घाट ठिपक्यांनी भरलेले. आतल्या सड्यांवर जुलैच्या रात्री किती जण जातात? ‘गोमंतकी’ हे नाव मिळालेला छोटा बेडूकसुद्धा शास्त्राच्या दप्तरी आला तो २०१५ साली.

प्रश्न: आमच्या कुळागरात तळीवर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लागला आहे. जवळच्या झुडपात नखाएवढा बेडूक रात्री टिकटिक करतो. पुस्तकातल्या नकाशात आमचा भाग नाही. फोटो आहेत. नवी नोंद म्हणून कुठे पाठवू?
– वाचक, सांगे

उत्तर: आधी या दोन गोष्टी वेगळ्या करा. फेस त्या टिकटिक्याचा नव्हे. तो साध्या तपकिरी झाडबेडकाचा किंवा हिरव्या, नारिंगी-तांबड्या पडद्यांच्या मलबारी उडत्या बेडकाचा असणार. दोघेही गोव्यात आधीपासून नोंदलेले. नखाएवढे झुडपी बेडूक फेस करत नाहीत. त्यांच्या अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो, शेपटीवाल्या टॅडपोलची अवस्था पाण्यात जातच नाही. तेव्हा लक्ष द्यायचे ते छोट्याकडे.

त्याच्या बाबतीत नुसता फोटो पुरत नाही. एकाच जातीत रंग आणि पाठीवरची नक्षी इतकी बदलते की भलेभले फसतात. आवाज हाच खरा पुरावा. फोन किंवा रेकॉर्डर अर्धा ते एक मीटरवर धरा, ‘वेव्ह’ फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, निदान दोन-तीन मिनिटे. फोनमधली आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय बंद ठेवा. ती अशा टिकटिकीला गोंगाट समजून पुसून टाकते. लगेच हवेचे तापमान लिहा, कारण ओरडण्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो आणि आकड्याशिवाय तुलना करता येत नाही. फोटो चार बाजूंनी हवेत: पाठ, बाजू, पोट, आणि बोटांची टोके व त्यांमधला पडदा. पोट बघायला पकडायची गरज नाही. काचेच्या बरणीवर चढू द्या आणि पलीकडून टिपा. शेजारी मोजपट्टी असावी. हाताला डासांचे मलम असेल तर त्याच्या जवळही जाऊ नका, बेडकाची कातडी सगळे शोषते.

जागा दशांश अंशांत चार घरांपर्यंत लिहा, म्हणजे साधारण ११ मीटरची अचूकता. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले की त्यातली जागा आणि वेळ निघून जाते, म्हणून मूळ फाइलच जपा. आणखी एक खड्डा: आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचे ठिपके मुद्दाम ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी टाकलेले असतात. ‘सर्वांत जवळची जुनी नोंद’ म्हणून तो ठिपका धरला, तर वीसेक किलोमीटरची चूक सहज होते.

बेडूक-सरड्यांच्या नव्या नोंदी छापणाऱ्या ‘हर्पेटोलॉजिकल रिव्ह्यू’सारख्या नियतकालिकाला संग्रहालयातल्या नमुन्याचा क्रमांक, लेखकाबाहेरच्या तज्ज्ञाने केलेली ओळख आणि जुन्या नोंदीपासूनचे अंतर लागते. नमुना तुम्ही स्वतः गोळा करू नका. तुमची जमीन असली तरी पकडण्याआधी वनखात्याला विचारा. नेत्रावळी अभयारण्यात तर अभ्यासासाठी शिरायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. आवाज, फोटो आणि टिपणे घेऊन भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाच्या (झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) पुण्यातल्या केंद्रात विचारा. पुढचे काम परवाना असलेल्यांचे.

प्रश्न: तीस किलोमीटरने क्षेत्र वाढले, तर एवढे काय?
– वाचक, डिचोली

उत्तर: आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या धोक्याच्या यादीत फरक पडतो. सगळ्या ठिपक्यांना बाहेरून दोरी गुंडाळावी तसे क्षेत्र मोजतात. ते १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर अतिसंकटग्रस्त, ५,००० पेक्षा कमी असेल तर संकटग्रस्त. अर्थात अधिवास तुटणे, घटणे अशा इतर अटीही पुऱ्या व्हाव्या लागतात. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे दूरचा एकच ठिपका जातीला एक पायरी खाली आणू शकतो, आणि तो खोटा असला तर तिचे संरक्षण उगाच सैल होते.

खोटे ठिपके येतात ते बहुधा रोपवाटिकेतून. कुंड्यांत, केळीच्या घडांत बसून झाडबेडूक मजेत घाट उतरतो. म्हणून बंगल्याच्या बागेत दिसलेल्या एकट्या बेडकावर विसंबू नका. एकापेक्षा जास्त नर ओरडताना, अंडी किंवा पिल्ले, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच जागी पुन्हा तोच आवाज, एवढे हाती आल्यावरच टिपण पाठवा.